डेटा खरा असेलही. पेपर मागे घ्याच

‘डेटा तर खोटा निघाला नाही ना? मग पेपर मागे घ्यायचं कारण काय?’ मुंबईतल्या मेडिकल कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये, जर्नलमध्ये छापून आलेल्या संशोधन-निबंधांबद्दल हा प्रश्न हल्ली अधूनमधून ऐकू येतो. विचारणारी माणसं लबाड असतात असं नाही. ओपीडी, राउंड, लेक्चर, परीक्षा या सगळ्यातून वेळ काढून त्यांनी किंवा त्यांच्या रेसिडेंटने रुग्णांचे आकडे गोळा केलेले असतात. मग एक दिवस प्रकाशकाची ईमेल येते: आपल्या निबंधाचं परीक्षण विश्वासार्ह नव्हतं असं आढळल्याने निबंध मागे घेण्यात येत आहे. आकड्यांत चूक काय ते दाखवलेलं नसतं, लबाडी कुणी केली तेही सांगितलेलं नसतं. राग येणं साहजिक आहे.

तरीही असा निबंध मागे घेतलाच पाहिजे, आणि त्यातली माहिती खोटी ठरेपर्यंत थांबू नये, असं माझं मत आहे. वैद्यकात तर मुळीच थांबू नये. मागे घेण्याची आजची पद्धत मात्र लेखकावर अन्याय करते आणि वाचकालाही काही कळू देत नाही. त्याबद्दल पुढे लिहितोच.

पीअर रिव्ह्यूमध्ये, म्हणजे निबंध छापण्याआधी त्या विषयातल्या जाणकारांनी करायच्या परीक्षणात, प्रत्यक्ष काय घडतं ते आधी पाहू. समजा माझ्याकडे एक निबंध परीक्षणाला आला. दोन गट, प्रत्येकी ३० रुग्ण; एका गटाला नवं वेदनाशामक, दुसऱ्याला जुनं. तक्ता सांगतो, नव्या औषधाच्या गटात ४१ टक्के रुग्णांना मळमळ झाली. आता ३० पैकी १२ म्हणजे ४० टक्के आणि १३ म्हणजे ४३.३. मग ४१ आले कुठून? २९ पैकी १२ धरले तर ४१.४ येतात. म्हणजे बहुधा एक रुग्ण मध्येच गळला आणि लेखकांनी ते कुठेही लिहिलेलं नाही. तो का गळला? बरं वाटलं म्हणून आला नाही, की उलट्या सोसवेनात म्हणून? की दगावला? परीक्षकाने हे विचारायचं, लेखकाने केसपेपर काढून उत्तर द्यायचं, आणि ते पटलं तर पुढे जायचं. यात विद्वत्तेपेक्षा चिकाटी जास्त लागते. पैसे मिळत नाहीत. रात्री जेवणं झाल्यावर, घरच्यांची बोलणी खात करायचं हे काम आहे.

बनावट परीक्षणाचा अहवाल कसा असतो? ‘विषय महत्त्वाचा आहे. मांडणी चांगली आहे. इंग्रजी एकदा तपासून घ्यावं. प्रकाशनास हरकत नाही.’ सोबत कधी कधी ‘पुढील चार निबंधांचे संदर्भ द्यावेत’ अशी सूचना असते, आणि ते चारही निबंध परीक्षकाचेच असतात. त्या तिसाव्या रुग्णाबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नसतो.

म्हणून ‘डेटा खरा आहे’ हे वाक्य ऐकलं की मी विचारतो, कुणी पाहिलं? परीक्षण खोटं ठरल्यावर डेटाच्या खरेपणाला लेखकाच्या शब्दापलीकडे आधार उरत नाही. लेखक प्रामाणिक असेलही. पण जर्नलमध्ये छापून आलेल्या निबंधावर डॉक्टर विसंबतो तो लेखकाच्या चारित्र्यावर भरवसा ठेवून नव्हे. दोन-तीन तिऱ्हाईत जाणकारांनी तो उलटसुलट तपासला आहे, असं त्याला सांगितलेलं असतं. हे सांगणं खोटं निघालं, तर छापील निबंध तसाच ठेवणं म्हणजे तेच खोटं रोज पुन्हा सांगत राहणं.

हे घोटाळे होतात कसे, हेही ठाऊक असावं. विषय अगदी चिंचोळा असेल तर संपादकाला त्यातले जाणकार माहीत नसतात. म्हणून अनेक जर्नल्स लेखकालाच विचारतात, परीक्षक सुचवा, नाव आणि ईमेल द्या. सोय चांगल्या हेतूने केलेली, पण तिच्यातलं भोक बैलगाडी जाईल एवढं मोठं. दक्षिण कोरियातल्या ह्युंग-इन मून या औषधी वनस्पतींच्या संशोधकाने सुचवलेल्या परीक्षकांपैकी कित्येकांचे ईमेल पत्ते त्याचे स्वतःचेच होते. संशय आला तो परीक्षणं चोवीस तासांच्या आत परत येऊ लागली म्हणून. आमच्या व्यवसायात इतका तत्पर परीक्षक भेटला तर संपादकाने घाबरावंच! हे २०१२ मध्ये उघड झालं आणि त्याचे डझनावारी निबंध मागे घेतले गेले. २०१४ मध्ये तैवानच्या एका अभियांत्रिकी संशोधकाचं प्रकरण निघालं. बनावट किंवा उसन्या नावांची सुमारे १३० ईमेल खाती, एकाच जर्नलमधून ६० निबंध मागे, आणि त्यांतल्या काहींवर नाव असल्यामुळे तिथल्या शिक्षणमंत्र्यांचा राजीनामा.

वैद्यकाची पाळी लगेच आली. मार्च २०१५ मध्ये बायोमेड सेंट्रल या प्रकाशकाने ४३ निबंध मागे घेतले, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्प्रिंगरने ६४. एप्रिल २०१७ मध्ये ‘ट्यूमर बायोलॉजी’ या कर्करोगविषयक जर्नलमधले १०७ निबंध एका फटक्यात गेले. पुढे हे काम हौशी लबाडांच्या हातून निघून धंदेवाईकांकडे गेलं. वायली या बड्या प्रकाशकाने २०२१ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरना विकत घेतलेल्या हिंदवी या प्रकाशनसंस्थेत ‘विशेषांक’ काढायची पद्धत होती, आणि प्रत्येक विशेषांकाला बाहेरचा पाहुणा संपादक असे. त्या वाटेने टोळ्या आत शिरल्या: पाहुणा संपादक त्यांचा, परीक्षक त्यांचे, निबंधही त्यांचेच. २०२३ या एका वर्षात हिंदवीने ८ हजारांहून अधिक निबंध मागे घेतले. त्याच वर्षी जगभरातल्या मागे घेतलेल्या निबंधांचा आकडा १० हजारांच्या पुढे गेला, आणि वायलीने हिंदवी हे नावच बंद करायचं ठरवलं.

यावर एक आक्षेप खरोखर वजनदार आहे. खरं परीक्षण तरी काय मोठं पकडतं? १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय जर्नलने अँड्र्यू वेकफिल्डचा १२ मुलांवरचा निबंध छापला, गोवराच्या लशीबद्दल भलती भीती जगभर पसरली, आणि तो मागे घ्यायला फेब्रुवारी २०१० उजाडला. तो काही परीक्षणाविना छापलेला नव्हता. कोविडमध्ये त्याच जर्नलने २२ मे २०२० रोजी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या मलेरियावरच्या औषधाने कोविडच्या रुग्णांत मृत्यू वाढतात असं सांगणारा निबंध छापला. ९६ हजार रुग्ण, ६७१ रुग्णालयं, आणि तो सगळा डेटा सर्जिस्फिअर नावाच्या एका कंपनीकडचा, जो कुणालाच पाहायला मिळेना. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी थांबवली. आपल्याकडे त्याआधी, एप्रिलमध्ये, त्याच गोळ्या धारावी-वरळीच्या वस्त्यांत प्रतिबंधक म्हणून वाटायचा विचार महापालिकेने केला होता आणि मग तो बाजूला ठेवला होता. या औषधाबद्दल त्या दिवसांत मुंबईत किती जीव टांगणीला होता, हे आठवत असेल. ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. त्यातली गोम परीक्षकांना दिसली नव्हती, ती बाहेरच्या वाचकांनी आकडे ताडून दाखवली.

चाळणीची भोकं मोठी आहेत, हे मान्य. पण खऱ्या परीक्षणात चूक सुटली तर जाब विचारायला कुणीतरी असतं: संपादक असतो, अहवाल असतात, काय विचारलं आणि काय विचारलं नाही याची नोंद असते. बनावट परीक्षणात पलीकडे माणूसच नसतो. पहिल्या बाबतीत चूक झाली की नाही ते तपासता येतं, दुसऱ्या बाबतीत तपासायला हातात काही नाही. दोघांना एकाच मापाने मोजायचं असेल तर मग परीक्षण हवंच कशाला, असं सरळ म्हणावं. तसं म्हणणारे लोक आहेत, आणि ‘नेचर’ने बाहेरचं परीक्षण १९७३ मध्ये, तर ‘लॅन्सेट’ने १९७६ मध्ये सक्तीचं केलं, हे पाहता त्यांचं म्हणणं अगदीच विक्षिप्त नाही. पण ते म्हणायचं तर परीक्षित निबंध म्हणून मिळणारी बढतीही सोडायची तयारी हवी.

पद्धतीत खोट निघाली एवढ्याच कारणावर निबंध मागे घेतल्याने काय साधतं, याचं सर्वांत बोलकं उदाहरण परीक्षणाशी संबंधित नाही, पण ते टाळून पुढे जाता येणार नाही. योआखिम बोल्ट हे जर्मनीतले नामांकित भूलतज्ज्ञ. रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गाने रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला शिरेतून देण्याचं एक द्रावण असतं, हायड्रॉक्सिएथिल स्टार्च. ते सुरक्षित आहे असं सांगणारे त्यांचे ढीगभर निबंध होते. त्यांच्या एका निबंधातली बनवाबनवी पकडली गेली, आणि २०११ मध्ये त्यांचे आणखी ८० हून अधिक निबंध मागे घेण्यात आले. कारण काय, तर रुग्णांवरच्या संशोधनाला लागणारी एथिक्स कमिटीची मंजुरी नव्हती. प्रत्येक निबंधातला डेटा खोटा आहे असं कुणी सिद्ध करत बसलं नाही. तेव्हाही ‘डेटाचं काय?’ असं विचारता आलंच असतं.

आता पुढचं पाहा. २०१३ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय जर्नलमध्ये या द्रावणावरच्या चाचण्यांचं मेटा-ॲनालिसिस, म्हणजे अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र करून केलेलं विश्लेषण, आलं. मृत्यूंची नोंद असलेल्या चाचण्यांत मिळून १०,८८० रुग्ण होते. सगळे धरले तर द्रावणाने मृत्यू वाढतात की नाही याचं उत्तर काठावर अडकत होतं, म्हणजे ज्याला द्रावण वापरायचंच आहे त्याने खुशाल वापरावं असं. मग त्यांनी बोल्ट यांच्या ७ चाचण्या, म्हणजे फक्त ५९० रुग्ण, बाजूला काढले. मृत्यूचा धोका वाढतो हे स्पष्ट दिसू लागलं. आकड्यातला फरक तसा लहान, द्रावण न दिलेल्यांच्या तुलनेत मृत्यूचा धोका १.०७ पटीचा १.०९ पट झाला. पण संशयाचा जो फायदा द्रावणाला मिळत होता, तो संपला. दहा हजारांतल्या पाचशे नव्वदांनी हे करावं! वैद्यकातला निबंध कपाटात एकटा पडून राहत नाही. तो मेटा-ॲनालिसिसमध्ये जातो, तिथून गाइडलाइनमध्ये, तिथून आयसीयूतल्या रात्रपाळीच्या रेसिडेंटच्या हातातल्या बाटलीत. त्या रेसिडेंटला मूळ निबंध कुणी तपासला होता हे कळायचा मार्ग नाही.

निरपराधांचं काय, हा पुढचा प्रश्न. सुक्याबरोबर ओलंही जळतं, हे खरंच आहे. २०१५ च्या त्या ४३ निबंधांत परीक्षकांचे बनावट पत्ते पुरवणाऱ्यांत भाषा सुधारून निबंध जर्नलला पाठवून देणाऱ्या एजन्स्या असल्याचं दिसलं होतं. लेखकांपैकी काहींना आपल्या नावाने काय चाललंय याचा पत्ताही नसेल. हिंदवीच्या विशेषांकांतही कुणी सरळमार्गी लेखक सापडला असणारच.

आपल्या देशात हा पेच न्यायालयांसमोर वेगळ्या रूपात आलेला आहे. जुलै २०२४ मध्ये नीटची प्रश्नपत्रिका फुटल्याचं मान्य करूनही सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली. फुटीचा लाभ घेतलेले विद्यार्थी वेगळे काढता येतील आणि सगळी परीक्षाच सडल्याचा पुरावा नाही, असा त्यामागचा विचार होता. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने पश्चिम बंगालमधल्या २५ हजारांहून अधिक शिक्षक-कर्मचाऱ्यांच्या नेमणुका रद्द केल्या, कारण तिथे निवडप्रक्रियाच दुरुस्तीपलीकडे बिघडलेली होती. ज्यांच्यावर वैयक्तिक ठपका नव्हता त्यांच्याही नोकऱ्या गेल्या. कसोटी दोन्हीकडे एकच: डागी आणि निष्कलंक वेगळे करता येतात का? निबंधाला ती लावली तर उत्तर सोपं आहे. एका निबंधाचं परीक्षण खोटं असेल तर त्या निबंधात वेगळं काढायला निष्कलंक भाग उरतच नाही. शिवाय परीक्षा रद्द झाली तर विद्यार्थ्याचं वर्ष जातं, आणि ते भरून देणं कुणाच्याच हातात नसतं. निबंध मागे घेतला तरी आकडे लेखकाकडेच असतात, केसपेपर रेकॉर्ड रूममध्ये असतात. तो निबंध पुन्हा पाठवता येतो, खऱ्या परीक्षकांपुढे ठेवता येतो.

निदान तसा पाठवता यायला हवा, असं म्हणायला पाहिजे. इथे प्रकाशकांचं वागणं मला अजिबात पटत नाही. निबंध स्वीकारताना हजारो रुपयांची, काही ठिकाणी लाखांवरची फी घ्यायची, आपलं दार उघडं ठेवून चोर आत घ्यायचे, आणि मग शेकडो निबंधांवर शब्दशः तीच ठोकळेबाज सूचना चिकटवून मोकळं व्हायचं. ‘परीक्षणप्रक्रियेत तडजोड झाल्याची चिन्हं आढळली.’ कुठली चिन्हं? परीक्षक बनावट होता, की पाहुणा संपादक टोळीतला होता? लेखकाने पत्ते दिले होते, की एजन्सीने? हे चार वाक्यांत सांगता येतं. ते सांगितलं नाही की फसवणूक करणारा आणि फसवला गेलेला एकाच रांगेत उभे राहतात, आणि तसं झालं की खऱ्या लबाडाची चांदी होते. तोही ‘आमचा डेटा खरा आहे हो’ म्हणत त्याच रांगेत गळा काढतो. ज्या लेखकावर ठपका नाही त्याच्या सूचनेत तसं स्पष्ट लिहावं, त्याची फी परत द्यावी आणि निबंध प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने नव्याने परीक्षणाला द्यावा. परीक्षणाचे अहवाल, परीक्षकाचं नाव झाकून का होईना, निबंधासोबत छापले तर यातलं बरंचसं वाचकालाच दिसेल. ‘इंग्रजी तपासून घ्यावं, हरकत नाही’ एवढाच अहवाल असलेला निबंध कोण डोळे झाकून मानेल?

आता आपल्या अंगणात. २०१५ मध्ये तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने अध्यापकांच्या बढतीसाठी निबंधांची अट कडक केली आणि श्रेय पहिल्या दोनच लेखकांना दिलं. नंतर नियम बदलले, कौन्सिल जाऊन राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला, पण निबंध मोजून माणूस वर चढवायची सवय राहिली. नंदी आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१४ या दहा वर्षांतली देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांची कामगिरी पाहिली होती. ३३२ संस्थांमधून दशकभरात एकही निबंध निघालेला नव्हता. तिथे ना संशोधनाला वेळ, ना पैसा, ना संख्याशास्त्र शिकवणारा माणूस. अशा जागी एकदम निबंध मागितले की ते बाजारातूनच येणार. पहिलं नाव इतक्याला, तिसरं इतक्याला, स्वीकृतीची हमी, अशा जाहिराती व्हॉट्सॲपवर येतात आणि आपण त्यांवर हसतो. केईएम, सायन, नायरच्या ओपीडीत सकाळी जी रांग लागते ती पाहिल्यावर तिथल्या लेक्चररकडून वर्षाला अमुक इतकं ‘मौलिक संशोधन’ मागणाऱ्याने एकदा तिथे बसून दाखवावं.

मुंबईला यात चांगली आणि वाईट, दोन्ही परंपरा आहेत. शेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएमच्या स्टाफ सोसायटीचं ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. वैद्यकीय नीतिशास्त्राला वाहिलेलं, १९९३ मध्ये सुरू झालेलं देशातलं जर्नलही याच शहरातलं. आणि २०१३ मध्ये ‘सायन्स’ या जर्नलसाठी लिहिणारे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी मुद्दाम ढोबळ चुका पेरलेला, दगडफुलातून कर्करोगावर औषध सापडल्याचा बनावट निबंध ३०४ जर्नल्सना पाठवला, तेव्हा तो स्वीकारणाऱ्या १५७ जर्नल्समध्ये मुंबईतल्या मेडनो या प्रकाशनसंस्थेचंही एक होतं. ती संस्था तोवर एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या मालकीची झालेली होती. प्रकाशक बडा आहे म्हणून परीक्षण झालंच असेल, हा भ्रम तिथेच फिटायला हवा होता.

शिक्षणसंस्थांची सरकारी क्रमवारी लावणाऱ्या एनआयआरएफने २०२५ च्या क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी संस्थांचे गुण कापायला सुरुवात केली. हेतू चांगला, पण मला धास्ती वाटते. रसायनशास्त्राच्या नोबेल विजेत्या फ्रान्सेस अर्नोल्ड यांनी २०२० मध्ये आपल्याच निबंधातले प्रयोग पुन्हा जमत नाहीत म्हणून तो स्वतःहून मागे घेतला आणि जाहीरपणे तसं सांगितलं. आपल्याकडच्या एखाद्या प्राध्यापिकेने हे करायचं ठरवलं तर तिला पहिला फोन डीनच्या ऑफिसातून येईल, आणि तो अभिनंदनाचा नसेल. चूक कबूल करून मागे घेतलेला निबंध, प्रकाशकाच्या गलथानपणात सापडलेला निबंध आणि विकत घेतलेला निबंध यांना एकच दंड लावला, तर संस्था निबंध मागे घेण्याऐवजी प्रकरण दाबायला शिकतील.

आणि मागे घेतलेले निबंध मरतही नाहीत. एमडीच्या थिसिसमध्ये ‘पूर्वीच्या संशोधनाचा आढावा’ हा भाग कसा लिहिला जातो, हे सगळ्यांना ठाऊक आहे: सीनियरचा थिसिस, त्याच्या सीनियरचा थिसिस, आणि विभागाच्या ग्रुपवर फिरणारे पीडीएफ. त्या पीडीएफवर ‘मागे घेतला’ असा लाल शिक्का कुठून येणार? तो प्रकाशकाच्या पानावर असतो, आणि तिथे कुणी जात नाही. मागे घेतलेल्या निबंधांवर नजर ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉच या गटाची अशा निबंधांची यादी सप्टेंबर २०२३ पासून, निबंधांची नोंद ठेवणाऱ्या क्रॉसरेफ या संस्थेने सगळ्यांना फुकट खुली केली आहे. झोटेरोसारखं संदर्भ ठेवणारं मोफत सॉफ्टवेअर यादीतला असा निबंध आपणहून दाखवतं. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने थिसिस स्वीकारताना वाङ्मयचौर्याच्या तपासणीबरोबर ही एवढी तपासणी आणि तिच्याखाली गाइडची सही मागितली, तर ना नवा कायदा लागेल ना पैसा. गाइडला एक दुपार द्यावी लागेल. ओपीडी संपल्यावर, बहुतेक.